आधी काय, मग काय? : गिटारची पेडल्स आणि क्रमाचा प्रश्न

मराठीच्या अध्यापकांनी गिटारच्या पेडल्सविषयी लिहावे, हे काही वाचकांना विक्षिप्त वाटेल. तरीही लिहितो आहोत; कारण साहित्य शिकवताना पावलोपावली भेटणारा एक प्रश्न या क्षेत्रात जितका उघड, हाताने चाचपून पाहता येण्याजोगा आहे, तितका तो आमच्या क्षेत्रात नाही. तो प्रश्न क्रमाचा आहे. त्याच गोष्टी, तेवढ्याच गोष्टी, पण वेगळ्या क्रमाने आल्या तर अंती वेगळे काही निर्माण होते का? होत असेल तर केव्हा होते? आणि होत नसेल, तर क्रमाविषयी आपण एवढे हट्टी का असतो? आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. क्रमाचे काही नियम वस्तूच्या स्वभावातून आलेले असतात, काही अभिरुचीतून आलेले असतात आणि काही निव्वळ सवयीचे असतात. गिटारवादकांच्या तक्त्यात काय किंवा आमच्या पाठ्यक्रमात काय, हे सगळे एकाच ठशात, एकाच अधिकारवाणीने छापलेले असतात आणि विद्यार्थी ते एकाच श्रद्धेने पाठ करतो. ही सरमिसळ आम्हांला घातक वाटते.

ज्यांचा या वाद्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की या वेढ्यांत क्षीण विद्युत्संकेत निर्माण होतो. तो केबलमधून ॲम्प्लिफायरपर्यंत जातो आणि तिथे त्याचा आवाज होतो. गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये, जमिनीवर, पायाने चालू-बंद करण्याचे धातूचे डबे ठेवता येतात. तीच पेडल्स. प्रत्येकाचे काम सहसा एकच. डिस्टॉर्शन किंवा फझ आवाज फाडते, खरखरीत करते. वा-वा पेडलची पट्टी पावलाने खालीवर केली की गिटार तोंड उघडझाप केल्यासारखी बोलते. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि लहान वर आणतो. फेझर आणि कोरस आवाजाला हेलकावे देतात. डिले म्हणजे प्रतिध्वनी, आणि रिव्हर्ब म्हणजे मोठ्या दालनातला घुमारा. हे डबे एकापुढे एक जोडले की जी साखळी होते तिला सिग्नल चेन म्हणतात. पहिल्यातून जे बाहेर पडते ते दुसऱ्यात शिरते, दुसऱ्यातले तिसऱ्यात. वाट एकेरी आहे.

नव्याने शिकणाऱ्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात एक तक्ता पडतो. आधी ट्यूनर, मग वा-वा, कॉम्प्रेसर, मग डिस्टॉर्शन, त्यानंतर फेझर आणि कोरस, शेवटी डिले आणि सर्वांत शेवटी रिव्हर्ब. तक्ता वाईट नाही. त्या क्रमाने जोडले तर बहुधा बरे वाजते. पण त्यात ‘का’ हा शब्द नसतो. आमच्या महाविद्यालयातली वाद्यवृंदाची मुले हा तक्ता ज्या सुरात म्हणून दाखवतात, त्या सुरात आम्ही शब्दालंकार आणि अर्थालंकारांची यादी ऐकत आलो आहोत.

‘का’ चे उत्तर मात्र सुंदर आहे आणि ते एका कल्पनेत मावते. समजा एखाद्या पेडलमध्ये आपण दोन स्वर एकत्र घातले. आणि समजा दुसऱ्या वेळी ते दोन स्वर वेगवेगळे घालून, बाहेर आलेले आवाज नंतर एकत्र केले. दोन्ही वेळा निष्पत्ती एकच आली, तर ते पेडल रेषीय. डिले असे असते: दोन स्वरांचा एकत्र प्रतिध्वनी म्हणजे त्यांच्या सुट्या प्रतिध्वनींची बेरीजच. डिस्टॉर्शन असे नसते. ते सिग्नल इतका वाढवते की त्याची शिखरे छाटली जातात, आणि शिखर कुठे येणार हे दोन्ही स्वर मिळून ठरवतात. त्यामुळे दोन स्वर आत गेले की बाहेर दोनच येत नाहीत. त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही जन्माला येतात. 200 आणि 300 हर्ट्झचे दोन स्वर घातले, तर 100 आणि 500 हर्ट्झचेही बाहेर पडतात. 100 म्हणजे खालच्या स्वराचा खालच्या सप्तकातला सा. म्हणूनच सा-प एवढ्या दोन स्वरांचा ‘पॉवर कॉर्ड’ डिस्टॉर्शनमधून भरदार, जमीन हादरवणारा वाटतो. त्याच जागी सा आणि गंधार घेतले, तर गिटारच्या समान अंतरांच्या पट्ट्यांमुळे गंधार किंचित चढा असतो. 400 च्या जोडीला 500 ऐवजी सुमारे 504 येतो, वजाबाकी 100 ऐवजी 104 होते, आणि तो चुकार स्वर कुणाशीच जुळत नाही. हेवी मेटल वाजवणारे गंधार वगळतात ते राकटपणाच्या हौसेपोटी नव्हे. छाटणीच्या यंत्राला तो मानवत नाही, एवढेच.

येथून बाकीचे सगळे उलगडते. डिस्टॉर्शननंतर डिले ठेवला, तर फाटलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी येतो. प्रत्येक आवृत्ती स्वच्छपणे मागे मागे जाते. डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर ठेवले, तर आधीच्या स्वराचा प्रतिध्वनी आणि नवा स्वर हे दोन्ही एकत्र छाटले जातात, त्यांच्यात बेरजा-वजाबाक्या होतात आणि काल वाजलेले आज वाजणाऱ्यात कालवले जाते. शिवाय डिस्टॉर्शन लहान आवाजाला वर उचलते, त्यामुळे विरत चाललेला प्रतिध्वनी विरतच नाही. जे एकदा कालवले ते पुढच्या कोणत्याही पेडलला वेगळे करता येत नाही. साखळीत पुढे कितीही महागडा डबा ठेवा, मागे जाऊन तो गुंता सोडवू शकत नाही. आमच्या मते क्रमाच्या प्रश्नातले खरे गांभीर्य इथे आहे.

आता याची दुसरी बाजू, जी तक्ता कधीच सांगत नाही. दोन्ही पेडल्स रेषीय असतील आणि वाजवताना त्यांची बटणे कुणी फिरवत नसेल, तर त्यांचा क्रम बदलून काहीही फरक पडत नाही. हे मत नव्हे, गणित आहे. साधा डिले आणि साधा इक्वलायझर यांची अदलाबदल करा. डबे तुडुंब भरून वाहू लागेपर्यंत कानाला फरक कळणार नाही, कारण फरक नसतोच. साधा डिले आणि साधा रिव्हर्ब यांचेही तेच. तरीही ‘आधी डिले की आधी रिव्हर्ब’ यावर मुले तासन्‌तास भांडतात. (एकाने पाय हलवायला सुरुवात केली की मात्र गोष्ट पालटते. व्हॉल्यूमचे पेडल डिलेच्या आधी असेल, तर पाऊल उचलल्यावरही आधीचे प्रतिध्वनी घुमत राहतात. डिलेच्या नंतर असेल, तर प्रतिध्वनींसकट सगळे बंद. काळागणिक बदलणारी गोष्ट साखळीत शिरली की ती कुठे शिरली हे महत्त्वाचे ठरते.)

म्हणजे क्रम ‘नेहमी’ महत्त्वाचा नसतो. तो जिथे महत्त्वाचा असतो तिथे फार महत्त्वाचा असतो, आणि जिथे नसतो तिथे अजिबात नसतो. हा भेद आम्हांला व्याकरणातून ओळखीचा आहे. ‘मीच काल पुण्याला गेलो’, ‘मी कालच पुण्याला गेलो’, ‘मी काल पुण्यालाच गेलो’: एका ‘च’ ची जागा बदलली की वाक्याचा रोख बदलतो. पण ‘काल मी पुण्याला गेलो’ आणि ‘मी काल पुण्याला गेलो’ यांत अर्थाची फारशी उलथापालथ होत नाही. मराठी पदक्रमाबाबत उदार आहे आणि ‘च’ बाबत काटेकोर. पाणिनीने तर क्रमाचा प्रश्न ज्या काटकसरीने हाताळला त्याला तोड नाही. अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांत, ज्यांना त्रिपादी म्हणतात, नंतरच्या सूत्राने केलेला बदल आधीच्या सूत्राला दिसतच नाही अशी व्यवस्था आहे. वाट एकेरी केलेली आहे. उरलेल्या ग्रंथात सूत्रे छापल्या क्रमानेच लावावीत असे सरसकट बंधन नाही. जिथे क्रम चुकल्याने रूप बिघडेल तिथे कडक कुलूप, आणि अन्यत्र मोकळीक. गिटारचा तक्ता लिहिणाऱ्यांनी हा विवेक केला असता तर!

वस्तूच्या स्वभावातून आलेल्या नियमाचे उत्तम उदाहरण म्हणजे फझ फेस. लंडनच्या आर्बिटर कंपनीने 1966 साली काढलेले हे गोल, चेहऱ्यासारखे दिसणारे पेडल. आत जेमतेम दोन ट्रान्झिस्टर, आरंभी जर्मेनियमचे. बहुतेक पेडल्स आपल्या आधीच्या वस्तूकडून फार थोडा प्रवाह मागतात. त्यांचा आतला रोध पाच-दहा लाख ओह्म असतो. फझ फेसचा तो दहा हजार ओह्मच्या घरात. परिणामी ते गिटारच्या पिकअपवर अक्षरशः ओझे टाकते, आणि पिकअप व पेडल मिळून एकच मंडल बनते. गिटारवरचे आवाजाचे बटण जरासे कमी केले की फाटलेला आवाज काचेसारखा निवळतो, तो या जवळिकीमुळे. मध्ये एखादा बफर आला की ही जवळीक तुटते. बफर म्हणजे सिग्नलला बळ देणारे छोटे मंडल. ते अन्यत्र उपकारकच असते, पण इथे त्यामुळे आवाज कर्कश होतो आणि बटणाची किमया जाते. म्हणून ‘फझ फेस गिटारला लागून ठेवा’ हा नियम अभिरुचीचा नाही. ज्याला तो कर्कशपणाच हवा आहे त्याने मोडावा, पण आपण काय मोडतो आहोत हे त्याला माहीत असावे.

यात आणखी एक बारकावा आहे. जपानच्या बॉस कंपनीच्या पेडल्समध्ये बफर असतो आणि पेडल बंद असतानाही सिग्नल त्यातूनच जातो. म्हणजे फझ फेसच्या आधी बॉसचे एखादे पेडल नुसते जोडून ठेवले, त्याला पाय लावलाही नाही, तरी ते आपले काम करत असते. वादकाला वाटते, बंद आहे. बंद पेडलचे हे चालू असणे आमच्या मनात घर करून राहिले आहे. त्याकडे पुढे येऊ.

वा-वाचे काय? तक्ता सांगतो, वा-वा आधी, फझ नंतर. जिमी हेंड्रिक्सने 1969 च्या वुडस्टॉक महोत्सवात हाच क्रम ठेवला होता: वा-वा, फझ फेस, मग युनि-व्हाइब, शेवटी मार्शलचे ॲम्प. वा-वा आधी असले की ते ज्या कंपनांना उचलते ती अधिक छाटली जातात, आणि आवाज ओरडतो, किंचाळतो, पण त्याचा पोत एकसंध राहतो. फझ आधी असले, तर त्यातून निघालेल्या असंख्य उपस्वरांवर वा-वाची गाळणी फिरते आणि ‘वा’ हा उच्चार कितीतरी ठसठशीत, जवळजवळ यांत्रिक होतो. दोन्ही ऐकले की कळते, यातला कोणताही क्रम चुकीचा नाही. हेंड्रिक्सने एक निवडला, त्याच्या थोरवीने तो तक्त्यात गेला, आणि निवडीचा नियम झाला. थोर कवीची लकब पुढच्या पिढीत काव्यलक्षण होऊन बसते, ही प्रक्रिया मराठीच्या अभ्यासकांना वेगळी सांगायला नको.

अभिरुचीचा नियम निसर्गनियमाचा वेश घेतो तो सर्वांत ठळकपणे डिले-रिव्हर्बच्या बाबतीत. ‘घुमारा शेवटी’ हे इतके स्वाभाविक वाटते की त्यामागे काही निवड आहे हेच ध्यानात येत नाही. आपण बोलतो तेव्हा आवाज आधी कंठात घडतो, मग मुखात आकार घेतो आणि नंतर दालनात घुमतो. तक्ता नेमका हाच क्रम गिरवतो: डिस्टॉर्शन हा कंठ, रिव्हर्ब हे दालन. शिवाय ध्वनिमुद्रणशाळेत प्रतिध्वनी बहुधा ॲम्पसमोर मायक्रोफोन लावून आवाज टिपल्यानंतर मिसळला जाई. म्हणजे तबकड्या ऐकून तयार झालेल्या कानांना हाच क्रम वळणी पडला. तक्ता म्हणजे पेडल्सचा वास्तववाद होय. वास्तववाद वाईट असतो असे नाही, पण तो एक संकेत आहे, इतके तरी सांगावे की नाही?

कारण संगीताचा इतिहास उलट उदाहरणांनी भरलेला आहे. फेंडर कंपनीने 1961 साली रिव्हर्बची जी सुटी पेटी काढली ती गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये जोडायची होती, म्हणजे घुमारा आधी आणि ॲम्प नंतर. कॅलिफोर्नियातल्या सर्फ संगीताचा तो पाण्याचे थेंब टपटपावेत तसा ओला आवाज या क्रमातून आला. एकोप्लेक्ससारखी फितीवरची प्रतिध्वनियंत्रे कितीतरी वर्षे ॲम्पच्या आधीच जोडली जात. ॲम्पच्या पोटात, पूर्वप्रवर्धकानंतर, पेडल जोडण्याची सोय पुढे सर्वत्र झाली. एडी व्हॅन हेलनने 1978 च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत फेज 90 हे फेझर फाटणाऱ्या मार्शलच्या आधी ठेवले. तक्त्याप्रमाणे ते चूक. पण तो घरंगळत जाणारा, भोवऱ्यासारखा आवाज ऐकून गिटारवादकांची एक अख्खी पिढी घडली. आणि ‘शूगेझ’ म्हणून ओळखल्या गेलेल्या ब्रिटिश-आयरिश वाद्यवृंदांच्या परंपरेत तर रिव्हर्बमधून निघालेला धुकट घुमारा फझमध्ये लोटणे ही शैलीच बनली. तिथे कंठात दालन आहे. स्वर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळू नये, हाच हेतू.

खुद्द फझ पेडलचा जन्मही अशाच एका बिघाडातला. नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या 1961 च्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या मुद्रणात ग्रेडी मार्टिनची बास गिटार ध्वनिफलकाच्या एका नादुरुस्त वाहिनीतून गेली आणि तिचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला. पुढच्या वर्षी माएस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आले, पितळी वाद्यांसारखा आवाज काढता येईल अशा आशेने. 1965 मध्ये कीथ रिचर्ड्‌सने ‘सॅटिस्फॅक्शन’ मध्ये ते वापरले तेही पुढे येणाऱ्या पितळी वाद्यांची जागा दाखवण्यापुरते. ती वाद्ये आलीच नाहीत, कच्चा खर्डाच अंतिम झाला. ज्या कलेचा पायाच बिघडलेल्या वाहिनीवर आहे, तिने शुद्धाशुद्धाचा तक्ता डोक्यावर घेऊन नाचावे, ही गंमतच.

इतके सारे ज्यासाठी सांगितले त्या मुद्द्याकडे वळतो. साहित्याच्या वर्गातही एक सिग्नल चेन असते. कविता विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याआधी तिला अनेक डब्यांतून जावे लागते: कविपरिचय, कालखंड, वाद आणि प्रवाह, शब्दार्थ, वृत्त, अलंकार, आशय, शेवटी मूल्यमापन. मार्गदर्शक पुस्तकांत यांचा क्रम ठरलेला आहे आणि प्रश्नपत्रिकाही तोच गृहीत धरते. यातले काही नियम फझ फेसच्या जातीचे आहेत. लीळाचरित्र वाचताना शब्दार्थ आधी हवा. तेराव्या शतकातले शब्द आज वेगळ्या अर्थाने वावरतात. ते न सांगता ‘आधी आस्वाद घ्या’ म्हणणे म्हणजे वरातीमागून घोडे. येथे मोकळीक देण्यात काही पुरोगामीपणा नाही. काही नियम डिले आणि इक्वलायझरच्या जातीचे आहेत. वृत्त आधी सांगावे की अलंकार आधी, याने कवितेच्या आकलनात काडीचा फरक पडत नाही. आणि तरीही उत्तरपत्रिका तपासताना ‘क्रम चुकला’ म्हणून अर्धा गुण कापणारे परीक्षक असतात. डिले-रिव्हर्बवर भांडणाऱ्या मुलांना हसण्याचा अधिकार निदान त्यांना नाही.

पण कविपरिचय? तो डिस्टॉर्शन आहे. तो रेषीय नाही. कविता आणि चरित्र वेगवेगळे वाचून नंतर त्यांची बेरीज करणे ही एक गोष्ट, आणि चरित्र आधी घालून त्यातून कविता ओढणे ही दुसरी. बालकवींचे उदाहरण घ्या. त्र्यंबक बापूजी ठोमरे 1890 मध्ये जन्मले आणि 1918 मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेगाडीखाली सापडून गेले. वय वर्षे 27. वर्गात बहुधा हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितले जाते. त्यानंतर ‘औदुंबर’ वाचली, की आठ ओळींच्या त्या निसर्गचित्रातले प्रत्येक वळण रुळांकडे जाऊ लागते. झाडाखालची सावली मृत्यूची होते, पाण्याचा रंग मृत्यूचा होतो. चरित्र आणि कविता यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून असे स्वर उमटतात जे या दोहोंत सुटेपणाने नव्हतेच. ते स्वर खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही; पॉवर कॉर्डमधला तो खालचा सा कानाला खराच ऐकू येतो. आक्षेप एवढाच, की विद्यार्थ्याला तो कवीने वाजवला असे वाटते. आणि एकदा कालवल्यावर पुढे आपण कितीही सूक्ष्म शैलीविचार शिकवला तरी तो त्या कालवलेल्या मिश्रणाचाच शैलीविचार होतो. मर्ढेकरांच्या 1947 च्या ‘काही कविता’ या संग्रहाचे तसेच. अश्लीलतेचा खटला आणि दुर्बोधतेचा वाद आधी ऐकून आलेला विद्यार्थी त्या कवितांत खटल्याची कलमे शोधत बसतो.

यावर एक तयार उत्तर आहे: सगळे डबे काढून टाका, गिटार थेट ॲम्पमध्ये घाला, कविता निनावी द्या. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये हेच केले. कवींची नावे न सांगता विद्यार्थ्यांना कविता दिल्या, त्यांची टिपणे गोळा केली आणि 1929 च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ मध्ये त्यांचा ताळेबंद मांडला. ते वाचन काही निर्मळ निघाले नाही. ठोकळेबाज प्रतिक्रिया, भलते संदर्भ आणि आगाऊ ठरलेली मते यांनी ती टिपणे भरलेली होती. गिटारवादकाला याचे आश्चर्य वाटणार नाही. नुसती केबलही निष्पाप नसते. तिच्यात विद्युत्धारिता असते, आणि पाच-सहा मीटरची केबल पिकअपच्या सिग्नलमधली वरची धार बोथट करतेच. काहीही न जोडलेली साखळीही एक साखळी असते. रिचर्ड्‌स यांच्या प्रयोगाने बाहेरची पेडल्स काढली. विद्यार्थी सोबत जी केबल घेऊन आले होते ती काढणे त्यांच्या हाती नव्हते.

म्हणून ‘चरित्र वर्ज्य’ असा नवा तक्ता आम्हांला नको आहे. शूगेझवाल्यांनी रिव्हर्ब फझमध्ये लोटला तो जाणून, आणि त्यातून सुंदर काही घडवले. चरित्र आधी घालून कविता वाचणारी समीक्षाही समृद्ध असू शकते, वाचणाऱ्याला आपण काय आधी घातले हे माहीत असेल तर. आमची मागणी साधी आहे. पाठ्यक्रमातल्या प्रत्येक ‘आधी’ समोर त्याची जात लिहावी: हे आधी नसेल तर वाचताच येणार नाही, हे आधी घातले तर असा आवाज येतो, नंतर घातले तर तसा, आणि हे कुठेही घाला. अभ्यासमंडळांच्या बैठकांत घटकांचा क्रम ठरवताना हा विचार होत नाही. तिथे तासिकांची विभागणी होते, आणि मागच्या पाठ्यक्रमाचा क्रम पुढच्याला चिकटतो.

आता संगणकावर चालणाऱ्या पेडलफलकांत पडद्यावरचा चौकोन बोटाने सरकवला की क्रम बदलतो. सोल्डर नको, केबल नको, पैसे नकोत. एका दुपारी पन्नास क्रम ऐकता येतात. आणि तरी आम्ही पाहतो ते असे, की बहुतेक मुले कुणातरी प्रसिद्ध वादकाची तयार मांडणी उतरवून घेतात आणि आतले चौकोन हलवतही नाहीत. सोय वाढली की कुतूहल वाढते हा समज त्यामुळे आम्ही सोडून दिला आहे. हलवून पाहा, असे कुणीतरी सांगावे लागते. आणि हलवल्यावर काय ऐकायचे तेही.

येत्या सत्रात बालकवींच्या त्याच कविता दोन तुकड्यांना दोन क्रमांनी शिकवाव्यात असे आमच्यात ठरते आहे. एका तुकडीला भादली पहिल्या तासाला, दुसरीला शेवटच्या. दोघींची टिपणे शेजारीशेजारी ठेवायची आणि ती विद्यार्थ्यांनाच वाचायला द्यायची. आमच्यातल्या एका सहकारी बाईंचा याला आक्षेप आहे. त्या म्हणतात, शाळेच्या पुस्तकात कवितेखाली जन्म-मृत्यूची दोन साले छापलेली असतात. मुलांनी ती सातवी-आठवीतच वजा करून पाहिलेली असतात. तेव्हा तुमच्या दुसऱ्या तुकडीत भादली बंद दिसेल, पण सिग्नल तिच्यातूनच गेलेला असेल. या आक्षेपाला आमच्याजवळ अजून उत्तर नाही.